परागकणांची अॅलर्जी आणि कच्ची फळं: माझा अनुभव

हंगामात शिंका, गळतं नाक आणि त्यातच कच्चं सफरचंद किंवा गाजर खाल्लं की काही मिनिटांत ओठ, टाळू खाजायला लागतात? बर्च या झाडाच्या परागकणांतल्या प्रथिनाशी सफरचंद, पीच, गाजर यांतली प्रथिनं मिळतीजुळती असतात, म्हणून शरीर त्यांनाही परागच समजतं. रॅगवीड या तणाच्या परागांची अॅलर्जी असलेल्यांना खरबूज, केळं, काकडी बाधू शकते.

ही प्रथिनं बहुतेक वेळा उष्णतेने मोडतात. म्हणून फळ बंद न करता मी शिजवून खायला लागलो आणि खाज थांबली. सफरचंद सोलायचं (सालीत ते प्रथिन जास्त असतं), पातळ फोडी करायच्या, झाकण ठेवून १० मिनिटं वाफवायच्या. फोड मधे करकरीत राहिली तर खाज परत येते, तेव्हा सुरी सहज आत जाते का ते बघाच. सेलरी, शेंगदाणे आणि सुकामेव्याला मात्र हा उपाय लावू नका. त्यांतली काही प्रथिनं शिजवूनही टिकतात.

वाइनने नाक चोंदत असेल तर हंगामापुरती सोडा. मध खाल्ल्याने अॅलर्जी जाते असं म्हणतात, पण त्यावर भिस्त ठेवू नका: त्रास देणारे पराग वाऱ्याने उडतात, मधात मुख्यतः फुलांवरचे असतात.

आहाराने शिंका मुळापासून जात नाहीत. डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्टेरॉइड स्प्रे हंगामाआधी २ आठवडे सुरू केला तर जास्त उपयोग होतो. घसा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली तर घरगुती प्रयोग नकोत, थेट तातडीची वैद्यकीय मदत घ्या.