या चुका टाळा: शाश्वत विकासाच्या अभ्यासात छेद कुठे चुकतो

माझी पहिली मोठी चूक एका शब्दाची होती. दौंडच्या पुढे उसाच्या फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. तिथे पाणी किती लागेल, शौचालयं किती लागतील, याचा हिशोब आम्हाला करायचा होता. मुकादमाला विचारलं, टोळीत किती? तो म्हणाला, "वीस कोयतं." मी वहीत वीस लिहिले आणि पुढच्या टोळीकडे गेलो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं, वर पोरंटोरं, आणि ती सांभाळायला आणलेली एखादी म्हातारी. माणशी पाण्याचं आमचं उत्तर दोन दशांशांपर्यंत काटेकोर निघालं होतं, फक्त निम्म्याहून जास्त माणसं त्यात नव्हतीच.

आता पुण्यात विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि संस्थांचे अहवाल तपासताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. मॉडेल चुकलेलं क्वचित सापडतं. भागाकाराच्या वरच्या आकड्यावर, अंशावर, सगळे जीव टाकतात: पाणी, कचरा, कार्बन, हवा. खाली छेदात, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं तिच्यात, नेमकं कोण बसलंय हे कोणी विचारत नाही. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं, १६९ लक्ष्यं, आणि त्यांच्या निर्देशकांत जिकडेतिकडे माणशी, दरहजारी, लाखामागे. म्हणून या चुका छेदापासूनच सांगतो.

हद्द वाढली की शहर?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. दुसऱ्या वेळी क्षेत्रफळ साधारण ३३१ चौरस किलोमीटरवरून ५१६ वर गेलं. आता निर्देशक ११.३.१ घ्या: जमीन वापरली जाण्याचा दर भागिले लोकसंख्यावाढीचा दर. एक विद्यार्थिनी हेच दोन आकडे धरून आली. "सर, चार वर्षांत शहर दीडपट पसरलं." अगं, शहर नाही पसरलं, अधिसूचना निघाली! त्या रात्री, हद्दीत आलेल्या मांजरी गावात एक वीटसुद्धा जास्तीची चढली नव्हती.

उपाय कंटाळवाणा आहे पण सोपा आहे. एकच हद्द गोठवा आणि सगळी वर्षं तिच्यातच बसवा. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय आकडे आहेत, त्यामुळे महापालिकेच्या तेव्हाच्या ३१,२४,४५८ मध्ये पुढे आलेल्या गावांची २०११ ची लोकसंख्या मिळवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. नंतर वगळलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं विसरू नका. अंशातही महापालिकेचं क्षेत्रफळ घ्यायचं नसतं, बांधकामाखाली गेलेली जमीन घ्यायची असते. प्रभागांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहा. २०१२ चे प्रभाग दोन सदस्यांचे होते, २०१७ चे चार सदस्यांचे, म्हणजे हद्दीही वेगळ्या. नाव ओळखीचं दिसलं म्हणून दोन्ही वर्षांचे आकडे एका आलेखात जोडलेत तर तुम्ही वेगवेगळ्या वस्त्या जोडताय.

ही गावनिहाय खटपट नको म्हणून काही जण शंभर मीटरच्या चौकटींचे लोकसंख्या-नकाशे उतरवून घेतात. त्यांतल्या बऱ्याच नकाशांत जनगणनेचाच आकडा इमारती, रस्ते आणि रात्रीचा उजेड बघून चौकटींत वाटलेला असतो. मग त्याच चौकटींवरून 'जिथे बांधकाम तिथे माणसं' असं सिद्ध करायचं म्हणजे आपणच पेरलेलं उगवलं म्हणून पेढे वाटण्यासारखं आहे.

बाळ माहेरी, नोंद माहेरी

आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद जिथे घटना घडते तिथे होते. १९६९ च्या कायद्यापासून हेच चालत आलंय. वाकडला राहणारी सून पहिल्या बाळंतपणाला लातूरला माहेरी जाते, बाळाची नोंद लातूरला होते. उलट जिल्ह्याबाहेरून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आलेला गंभीर रुग्ण इथे दगावला की तो मृत्यू पुण्याच्या खात्यात पडतो. म्हणजे अंशात जी माणसं आहेत ती छेदात नाहीत, आणि छेदातली काही अंशातून निसटली आहेत. या आकड्यांवरून 'पुण्याच्या हवेने मृत्युदर वाढला' असं लिहिणं म्हणजे कपाळमोक्ष ठरलेला. जन्माच्या अर्जात आईचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण वेगळं लिहिलेलं असतं. कार्यालयात आकडे मागताना 'निवासानुसार' हा शब्द अर्जातच घाला. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

नोंदी निवासानुसार मिळाल्या तरी पुढचा खड्डा आहेच: सरळ मृत्युदर, म्हणजे वय न बघता एकूण मृत्यू भागिले एकूण लोकसंख्या. समजा साठीच्या वरच्यांत हजारी ४० मृत्यू होतात आणि साठीच्या खालच्यांत हजारी २. पेठेतल्या एखाद्या जुन्या वस्तीत चौथा हिस्सा ज्येष्ठ असेल तर सरळ मृत्युदर येतो ११.५. नव्या उपनगरात पाचच टक्के ज्येष्ठ असतील तर येतो ३.९. हवा तीच, पाणी तेच, प्रत्येक वयातला धोकाही तोच, तरी दर जवळपास तिप्पट! दोन वस्त्यांची तुलना करायची तर वय प्रमाणित करून घ्या, म्हणजे दोन्हीकडचे वयवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येवर लावून बघा. एक्सेलमध्ये दहा ओळींचं काम आहे. तेवढं केलेलं नसेल तर पुढचं काही मी वाचत नाही.

पट्टी लावून भविष्य

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ ला सुमारे १० लाख होती, २०११ ला १७,२७,६९२. वर्षाला साधारण साडेपाच टक्के. हाच दर २०५१ पर्यंत ओढा, आकडा दीड कोटीच्या जवळ जातो. २०११ मध्ये अख्ख्या पुणे जिल्ह्यात ९४,२९,४०८ माणसं होती. तरीही असा तक्ता एका पाणीपुरवठ्याच्या मसुद्यात मी पाहिला आहे, आणि त्यावरून जलवाहिनीचा व्यासही काढलेला होता.

यासाठी वयोगटनिहाय प्रक्षेपण करतात. पाच-पाच वर्षांचे गट घ्यायचे, प्रत्येक गट जगण्याच्या शक्यतेनुसार पुढच्या गटात सरकवायचा, बायकांच्या वयानुसार जन्म खाली भरायचे, येणारे-जाणारे वेगळे धरायचे. अडतं ते या शेवटच्या पायरीवर. हिंजवडीला किंवा चाकणला येणारा माणूस बहुतेक विशी-तिशीतला असतो. तो आज भाड्याची खोली मागतो, पाच वर्षांनी बालवाडी. स्थलांतर सगळ्या वयांत सारखं वाटून टाकलं की शाळाही चुकतात आणि पुढे दवाखानेही. ग्रामीण भागासाठी कोणत्या वयात कोण येतं-जातं याचा अंदाज हवा असेल तर शिरूर तालुक्यात वढू परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून चालवलेली लोकसंख्या-नोंदव्यवस्था आहे, तिच्यावरचे शोधनिबंध चाळा.

राज्याचे दर तालुक्याला चिकटवू नका. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाची २०११ ते २०३६ ची प्रक्षेपणं राज्यापर्यंत येऊन थांबतात, खालचं तुम्हालाच बांधावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं) १.७ आला, म्हणजे पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून निघायला लागणाऱ्या २.१ च्या खाली. त्यावरून 'लोकसंख्या आता घटणार' असं लिहून टाकू नका. तरुण बायकांची संख्या मोठी असली की दर उतरल्यावरही जन्म बरीच वर्षं मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. आणि आयुर्मान सारणी (कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता) निवडताना संगणकाची आज्ञावली समोर ठेवते तो 'पश्चिम' नावाचा नमुना घेऊन मोकळे होऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या नमुना-सारण्यांच्या संचात दक्षिण आशियाई नमुना आहे.

बारक्या पण महाग

लिंग गुणोत्तर आपल्याकडे हजार पुरुषांमागे स्त्रिया असं सांगतात, तर आंतरराष्ट्रीय आज्ञावल्या शंभर स्त्रियांमागे पुरुष मागतात. महाराष्ट्राचं २०११ चं ९२९ तिथे १०७.६ होतं. कोणी ९२.९ भरतं, आणि आपलं राज्य एका झटक्यात स्त्रीबहुल!

फ्रीज माणशी नसतो, घरटी असतो. कुटुंबं लहान होत चालली की माणसं तेवढीच राहूनही वीज वाढते. ऊर्जेच्या अभ्यासात छेद कुटुंबांचा घ्या. मात्र सदनिका म्हणजे कुटुंब नव्हे. आपल्या सोसायटीतल्या कुलूपबंद, गुंतवणूक म्हणून घेतलेल्या सदनिका मोजून बघा एकदा.

वयाचे आकडे तर तपासल्याशिवाय वापरूच नका. "आजी, वय किती?" "लिही की साठ." पुढच्या घरी पंचावन्न, त्यापुढे पुन्हा साठ. २३ ते ६२ वयाच्या लोकांत ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांचे किती जण आहेत ते मोजा, त्याला पाचने गुणा, एकूण संख्येने भागा, शंभराने गुणा. हा व्हिपलचा निर्देशांक. १०० आला तर वयं ठीक, ५०० आला तर सगळ्यांनी अंदाजेच सांगितलंय. मध्येच कुठे आला तर पाच-पाच वर्षांचे गट करून काम भागवा, सुट्ट्या वयांवर मॉडेल चालवू नका. पाहणी तुमचीच असेल तर वय विचारूच नका, खूण विचारा. पानशेत धरण फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) तुम्ही शाळेत जात होता का? कोयनेचा भूकंप आठवतो? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं? माझ्या पाहणीतल्या एका 'साठ'च्या आजी पानशेतच्या वेळी कडेवर पोर घेऊन पर्वतीच्या टेकडीवर चढल्या होत्या. म्हणजे ऐंशीच्या वरच.

पुढच्या जनगणनेसाठी

२०११ नंतरची जनगणना आता होते आहे, आणि तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. माणसं मोजली जातात त्या फेब्रुवारीत ऊसतोड बहुधा चालूच असेल. बीडकडची कित्येक घरं कुलूपबंद असतील आणि माणसं इंदापूर-दौंडच्या फडावर. गणनेच्या सगळ्या दिवसांत जो घरापासून दूर असतो तो जिथे सापडतो तिथे मोजला जातो, ही २०११ ची रीत. तीच राहिली तर आपले तालुके थोडे फुगतील, तिकडची गावं थोडी रोडावतील. तालुक्याचा आकडा हाती आला की शाळा किंवा रेशनच्या हिशोबाला बसण्याआधी त्या हंगामात त्या तालुक्यातल्या कारखान्यांकडे किती टोळ्या होत्या ते विचारा. आणि उत्तर कोयत्यांत मिळालं तर दोनने गुणा, पोरं वेगळी.