द स्मिथ्स कोणत्या क्रमाने ऐकावे

मँचेस्टरमध्ये 1982 साली गीतकार-गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार यांनी उभा केलेला 'द स्मिथ्स' हा बँड 1987 साली फुटला. या पाच वर्षांतली त्याची चढण समजून घ्यायची असल्यास निव्वळ अल्बमवर विसंबू नये, कारण त्याची कित्येक उत्तम गाणी केवळ सिंगल (एकेका गाण्याची सुटी तबकडी) म्हणून निघाली. काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस' हे संगीताचे दुकान 2016 साली बंद झाल्यापासून मुंबईकर श्रोत्याची भिस्त मुख्यतः स्ट्रीमिंगवर आहे, आणि तेथे मूळ तबकड्या व नंतरची संकलने यांची सरमिसळ असते. म्हणून प्रकाशनवर्षानुसार स्वतःची यादी करून घ्यावी.

आरंभ 1983 मधील 'हँड इन ग्लव्ह' आणि 'धिस चार्मिंग मॅन' यांनी करावा. 1984 चा पहिला अल्बम मात्र तूर्त बाजूला ठेवावा. त्याचे ध्वनिमुद्रण एकदा रद्द करून दुसऱ्या निर्मात्याकडून पुन्हा करावे लागले होते आणि तरीही, माझ्या मते, ते काहीसे निर्जीव राहिले. त्याच वर्षीच्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संकलनातील बीबीसीसाठीच्या ध्वनिमुद्रणांत वादकांचा खरा जोम ऐकू येतो. त्यानंतर 'मीट इज मर्डर' घ्यावा: 'रफ ट्रेड' या स्वतंत्र कंपनीने काढलेला हा अल्बम 1985 साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पुढच्या वर्षीचा 'द क्वीन इज डेड' त्याच्यामागोमाग ऐकावा.

भावगीतांवर घडलेला आपला कान आधी शब्दांकडे धावतो. पहिल्या फेरीत त्याला आवरावे आणि मारच्या गिटारच्या मागे जावे. नुसते कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) झोडण्याऐवजी तो त्यांतले स्वर सुटेसुटे वाजवतो, आणि त्या किणकिणाटात साठच्या दशकातील अमेरिकन बँड 'द बर्ड्स'चा वारसा सहज ओळखू येतो. 'हाउ सून इज नाउ' मधील थरथरत्या गिटारमागे अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक-गिटारवादक बो डिडलीचा ताल आहे. (हे गाणे प्रथम सिंगलच्या मागच्या बाजूला टाकले होते, यावर आज विश्वास बसत नाही.) बँडचा बासवादक अँडी रूर्क याचा बास मारच्या गिटारला नुसती साथ न करता स्वतःची वेगळी चाल गातो, लोकलच्या खडखडाटात तो बुडतो, म्हणून ही फेरी घरीच करावी.

शब्दांची पाळी दुसऱ्या फेरीत येते. मॉरिसीवर ऑस्कर वाइल्ड आणि सॅलफर्डची नाटककार शेला डिलेनी यांचा मोठा प्रभाव होता. त्यांचे थोडे वाचन झाले, की त्याच्या रडगाण्यांतला खट्याळपणा उमगतो.

पुढच्या बँडांवरचा प्रभाव तपासायचा असल्यास नव्वदच्या दशकातील 'स्वेड' या ब्रिटिश बँडपासून सुरुवात करावी, कारण त्याचा गिटारवादक बर्नार्ड बटलर याच्या वादनावर मारचा ठसा उघड आहे. मँचेस्टरचाच 'ओएसिस' हा बँड त्यानंतर घ्यावा. त्याचा गिटारवादक नोएल गॅलघर याने मारने दिलेली गिटार वाजवली असली, तरी तेथे मारची किणकिण फारशी सापडत नाही.