डेल्टा पॅकेजचा प्रस्ताव टाकण्याआधी

डेल्टा पॅकेज म्हणजे अपडेटसाठी अख्खं पॅकेज (प्रोग्रामच्या फाइलींचा गठ्ठा) न उतरवता जुन्या-नव्यातला फक्त फरक उतरवायचा आणि त्यातून नवं पॅकेज आपल्याच मशीनवर जोडायचं. तुमच्या लिनक्स वितरणात हे आणायचा प्रस्ताव टाकणार असाल तर आधी हे वाचा. व्हर्च्युअल मशीन, चाचणीची वेगळी रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा), बॅकअप हे सगळं आहे असं धरतो.

आधी आकडे गोळा करा. एखादं सोयीचं पॅकेज निवडून भरमसाठ बचत दाखवली तर कोणी फसत नाही. महिनाभराचे सगळे अपडेट घ्या, प्रत्येकाचा डेल्टा काढा आणि वाढलेला मेटाडेटाही (पॅकेजांबद्दलची माहिती, तीही उतरवावी लागते) हिशोबात धरा. डेल्टा पूर्ण पॅकेजच्या जवळपास जात असेल तर ठेवूच नका.

'नवी कल्पना' असं चुकूनही लिहू नका. फेडोरा या लिनक्स वितरणात २००९ मध्ये, ११व्या आवृत्तीत हे आलं आणि २०२४ मध्ये, ४०व्या आवृत्तीत बंद झालं. आर्च लिनक्सच्या पॅकमन या पॅकेज-व्यवस्थापकाने २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत डेल्टाच काढून टाकला, कारण डिजिटल सही नसलेल्या डेटाबेसमधून घुसडलेली कमांड डेल्टा लावताना चालू शकत होती. पहिला प्रश्न यावरच येणार. उत्तर प्रस्तावातच लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, मागच्या खेपेला माझ्याकडून राहिलेली: चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा, तिच्यातूनच काढलेला आकडा) जुन्या मशीनवर तपासा. डेल्टा लावून तयार झालेलं पॅकेज मूळ पॅकेजशी बाइट-न-बाइट जुळलं पाहिजे, कारण सही त्या मूळ फाइलवर असते. आतल्या फाइली बरोब्बर जुळतात, पण परत कॉम्प्रेस करताना घोडं पेंड खातं. एक्सझेड हा कॉम्प्रेसर एका थ्रेडवर चालवा आणि अनेक थ्रेडवर चालवा, आउटपुट वेगळं येतं. जीझिप या दुसऱ्या कॉम्प्रेसरला '-n' दिलं नाही तर हेडरमध्ये वेळ शिरते. कॉम्प्रेसरची आवृत्ती बदलली तरी तेच. बिल्ड मशीनवर हे कधीच दिसत नाही, कारण पॅकेज तिथल्याच कॉम्प्रेसरने बनवलेलं असतं. तिथली चाचणी हिरवी आली म्हणजे काहीही सिद्ध झालं नाही.

म्हणून कित्येक महिने अपडेट न केलेलं मशीन घ्या. जुनं. तुमचं रोजचं नव्हे. त्यावर कॉम्प्रेसरचंच अपडेट ज्या खेपेत आहे ती खेप मुद्दाम लावून बघा. चेकसम चुकला तर डेल्टाही उतरवला आणि पूर्ण पॅकेजही, म्हणजे डेटा वाचवायला निघालेल्या माणसाचा जास्तच गेला. अशा वेळी पूर्ण पॅकेज आपोआप उतरतंय ना, तेही बघा. एक डेल्टा हाताने बिघडवून ठेवला की लगेच कळतं.

डेल्टा-आरपीएम (फेडोरात वापरलेलं डेल्टाचं साधन) डिस्कवरच्या फाइलींतून पॅकेज उभं करतं, तेव्हा फाइली बदललेलं मशीनही एक हवं. कॅशमधल्या (आधी उतरवून ठेवलेल्या) जुन्या पॅकेजवर डेल्टा लागत असेल तर कॅश रिकामी करून बघा.

बाकी पटापट. कमी ताकदीच्या प्रोसेसरवर वेळ मोजा. डेल्टातून पॅकेज जोडायला डाउनलोडपेक्षा जास्त वेळ लागला तर लोक शिव्या देतील. मिरर (रिपॉझिटरीची प्रत ठेवणारे सर्व्हर) चालवणाऱ्यांना जागेबद्दल आधी विचारा. किती जुन्या आवृत्त्यांपासून डेल्टा ठेवणार ते ठरवा. पुन्हा सांगतो, चेकसम, जुन्या मशीनवर. आणि हे बंद करायची सेटिंग पहिल्या दिवसापासून द्या, तिचं नाव मदतपानावर सहज सापडेल असं.