ट्रम्प यांची तुलना जुन्या अमेरिकी अध्यक्षांशी कशी करावी

डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ साली अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतल्यावर आपल्या कार्यालयात अँड्र्यू जॅक्सन (अध्यक्ष, १८२९–१८३७) यांचे तैलचित्र लावून घेतले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, जॅक्सन यांच्या २५०व्या जयंतीला, टेनेसीतील त्यांच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले. २०२५ मध्ये दुसऱ्यांदा शपथ घेतल्यानंतरच्या भाषणात मात्र त्यांनी गौरव केला तो विल्यम मॅकिन्ली (अध्यक्ष, १८९७–१९०१) यांचा, आणि अलास्कातील देनाली शिखराला मॅकिन्ली यांचे नाव पुन्हा देण्याचा आदेशही त्याच दिवशी काढला. दुसरीकडे त्यांचे विरोधक निक्सन यांचे नाव घेतात, तर कधी लुइझियानाचे गव्हर्नर राहिलेले ह्यूई लाँग किंवा अलाबामाचे गव्हर्नर राहिलेले जॉर्ज वॉलेस यांचे. ज्याला या विषयावर लेख, भाषण किंवा महाविद्यालयीन प्रकल्प तयार करायचा आहे त्याने पहिली खबरदारी इथेच घ्यावी. नेत्याने स्वतःसाठी निवडलेले पूर्वज आणि विरोधकांनी त्याला चिकटवलेले पूर्वज, हे दोन्ही प्रचाराचे साहित्य आहे; ते नोंदवावे, पण त्यावर तुलना उभारू नये.

आधी प्रश्न बारीक करावा

‘ट्रम्प हे आजचे जॅक्सन आहेत का?’ या प्रश्नाला होयही म्हणता येते आणि नाहीही, म्हणूनच तो लेखाच्या कामाचा नाही. त्याऐवजी एकेक कृती सुटी करावी: सत्तेवर कोणत्या वाटेने आले, ‘जनता’ कोणाला म्हटले आणि तिचा शत्रू कोणाला ठरवले, नोकरशाहीशी कसे वागले, पैसा आणि व्यापार यांबाबत काय केले, आणि पद सोडायची वेळ आली तेव्हा कसे वागले. प्रत्येक कृतीसाठी इतिहासातला जोडीदार वेगळा निघू शकतो, आणि बहुधा निघतोच. एका माणसाला दुसऱ्या एकाच माणसाशी अथपासून इतिपर्यंत जुळवण्याचा हट्ट धरला, की निम्मा लेख ओढाताणीत जातो.

लोकानुनयवाद म्हणजे आपण काय समजतो तेही सुरुवातीलाच लिहून टाकावे. एका बाजूला कष्टाळू, सच्ची जनता, दुसऱ्या बाजूला तिला लुबाडणारे मूठभर प्रतिष्ठित, आणि या जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्यालाच, एवढी मांडणी पुरेशी आहे. तिच्यात कोणतेही धोरण बसते, हे ध्यानात ठेवावे. १८९२ साली, जिला लोकानुनयवादी (पॉप्युलिस्ट) म्हटले गेले त्या पीपल्स पार्टीने ओमाहा येथे जाहीरनामा काढला, त्यात चढत्या दराचा प्राप्तिकर आणि रेल्वेची सरकारी मालकी मागितली होती. ट्रम्प यांच्या कार्यक्रमात यांतले काहीच नाही. भाषणाची धाटणी जुळली म्हणजे कार्यक्रमही जुळला, असे मानणे ही या विषयावरील लेखनात सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

‘चोरलेली’ निवडणूक: जोडी योग्य लावावी

बहुतेक जण १८२८ चा जॅक्सन यांचा विजय आणि २०१६ चा ट्रम्प यांचा विजय शेजारी ठेवतात. दोघेही प्रस्थापितांना धक्का देऊन आले हे खरे, पण जॅक्सन १८२८ मध्ये लोकांच्या मतांतही स्पष्ट पुढे होते, तर ट्रम्प २०१६ मध्ये निर्वाचक मतांवर (राज्यागणिक ठरणाऱ्या आणि अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या मतांवर) जिंकले आणि लोकांच्या मतांत सुमारे २९ लाखांनी मागे राहिले. अधिक फलदायी जोडी आहे ती १८२४ आणि २०२० या दोन पराभवांची, कारण दोघांनीही आपला विजय हिरावून घेतल्याचे सांगत पुढची चार वर्षे काढली आणि त्यानंतर निवडणूक जिंकली.

१८२४ मध्ये जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचक मते मिळाली. बहुमतासाठी १३१ लागत होती. कोणालाच ती न मिळाल्यामुळे राज्यघटनेप्रमाणे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, आणि ९ फेब्रुवारी १८२५ रोजी २४ पैकी १३ राज्यांनी ॲडम्स यांना कौल दिला. त्याच रात्री मावळते अध्यक्ष मन्रो यांच्याकडील समारंभात जॅक्सन यांनी ॲडम्स यांच्याशी हस्तांदोलन केले. संतापाचा भडका उडाला तो नंतर, ज्या क्ले यांनी आपले वजन ॲडम्स यांच्या पारड्यात टाकले होते त्यांनाच परराष्ट्रमंत्रिपद मिळाले तेव्हा. म्हणजे जॅक्सन यांची तक्रार सौद्याबद्दल होती. मतमोजणी खोटी आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते, आणि दोन्ही प्रकारच्या मतांत ते पहिल्या क्रमांकावर होते. ट्रम्प २०२० मध्ये ३०६ विरुद्ध २३२ असे हरले, लोकांच्या मतांत सुमारे ७० लाखांनी मागे होते, त्यांच्या बाजूने झालेले साठांहून अधिक दावे न्यायालयांत टिकले नाहीत, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, निर्वाचक मतांची मोजणी चालू असताना जमाव तिच्या कॅपिटॉल या इमारतीत घुसला. गाऱ्हाण्याचा राजकीय उपयोग दोन्हीकडे सारखा झाला, पण गाऱ्हाण्यामागचा पुरावा मुळीच सारखा नाही. तुलनेत ही दोन्ही वाक्ये लागतात. त्यातले एकच लिहिणारा लेखक कोणत्या बाजूचा आहे हे वाचकाला लगेच कळते.

बँकेचे प्रकरण जवळून पाहावे

आता एक प्रसंग सविस्तर घेऊ, कारण अशा एखाद्या प्रसंगावरच पद्धत तपासून पाहता येते. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स ही खासगी भागधारकांची संस्था होती. तिच्या भांडवलात केंद्र सरकारचा वाटा एक पंचमांश होता आणि सरकारी ठेवी तिच्याकडेच असत. तिची सनद वाढवणारे विधेयक जॅक्सन यांनी १० जुलै १८३२ रोजी नाकारले. त्यानंतरच्या निवडणुकीत क्ले यांचा २१९ विरुद्ध ४९ असा पराभव केल्यावर हा जनतेचाच कौल आहे असे त्यांनी धरले आणि सनदेची मुदत संपण्याची वाट न पाहता ठेवी काढून घ्यायचे ठरवले. कायद्याने तो अधिकार अर्थमंत्र्याला होता. अर्थमंत्री विल्यम डुएन यांनी ठेवी हलवण्यास नकार दिला आणि राजीनामाही दिला नाही, तेव्हा जॅक्सन यांनी सप्टेंबर १८३३ मध्ये त्यांना बडतर्फ करून रॉजर टॉनी यांना नेमले, आणि टॉनी यांनी काम केले. सिनेटने १८३४ मध्ये जॅक्सन यांच्यावर ठपका ठेवला. त्यावर अध्यक्ष हाच जनतेचा थेट प्रतिनिधी आहे असे उत्तर त्यांनी दिले. जानेवारी १८३७ मध्ये, सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे बहुमत झाल्यावर, तो ठपका कामकाजाच्या नोंदीतून खोडला गेला.

फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, ट्रम्प यांनी टाकलेला दबाव पाहिला, की हा प्रसंग आठवतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी या संस्थेच्या नियामक मंडळातील लिसा कुक यांना काढल्याचे जाहीर केले आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. अवघड अधिकाऱ्याला हटवून सोयीचा माणूस बसवण्याची रीत आणि त्यामागचा ‘मला जनतेने निवडले आहे’ हा युक्तिवाद, एवढ्यापुरते साम्य पक्के आहे. पण हेतू पाहावा. जॅक्सन हे कागदी चलनाकडे संशयाने पाहणारे, सोन्याचांदीच्या नाण्यांवर विश्वास ठेवणारे होते. त्यांना पतपुरवठा आवळलेला हवा होता. ट्रम्प यांना व्याजदर खाली हवे आहेत, म्हणजे पैसा स्वस्त हवा आहे. या बाबतीत त्यांचा खरा जोडीदार निक्सन ठरतात, ज्यांनी १९७२ च्या निवडणुकीआधी फेडरल रिझर्व्हचे प्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर सैल धोरणासाठी दबाव आणला. त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितीच उपलब्ध असल्यामुळे तर्काला फारशी जागा उरत नाही. कृतीची रीत एका अध्यक्षाशी आणि कृतीचा हेतू दुसऱ्याशी जुळतो, असे म्हणायला लेखकाने कचरू नये.

आयातशुल्क आणि मॅकिन्ली

मॅकिन्ली यांच्याबाबत गंमत अशी, की १८९६ च्या लढतीत लोकानुनयी उमेदवार होते ते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. त्यांना डेमोक्रॅटिक आणि पीपल्स अशा दोन्ही पक्षांनी उभे केले होते आणि ते देशभर फिरून सभा गाजवत होते, तर मॅकिन्ली ओहायोतील कँटन येथे आपल्या घराच्या ओसरीवरून भेटीला आलेल्यांशी बोलत होते आणि उद्योगपतींचा पैसा त्यांच्यामागे होता. म्हणजे प्रचाराच्या शैलीत ट्रम्प ब्रायन यांच्या जवळ आणि आयातशुल्काच्या धोरणात मॅकिन्ली यांच्या.

धोरणाचे साम्यही तपासून घ्यावे. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने शुल्काची सरासरी ५० टक्क्यांच्या जवळ नेली, पण तो काँग्रेसने केलेला कायदा होता, मॅकिन्ली त्या वेळी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडून त्यांची स्वतःची जागाही गेली. त्या काळी कायमचा प्राप्तिकर नव्हता, त्यामुळे सरकारी तिजोरी मोठ्या प्रमाणात आयातशुल्कावर चाले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत गेले, ते काँग्रेसच्या मतदानाने नव्हे तर अध्यक्षीय आदेशाने. शिवाय मॅकिन्ली यांनी ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथील भाषणात परस्पर सवलतींच्या व्यापाराची बाजू मांडली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. माणसाच्या आयुष्यातले कोणते वर्ष आपण तुलनेला घेतो आहोत, ते लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पदाचा आकार आणि आकड्यांचा मोह

जॅक्सन यांच्या काळी केंद्र सरकारचे बहुतेक नोकर टपालखात्यात होते. मर्जीतल्या माणसांना नोकऱ्या वाटण्याची त्यांची पद्धत कायद्याच्या कोणत्याही भिंतीला धडकली नाही, कारण भिंतच नव्हती. गारफिल्ड यांच्या हत्येनंतर १८८३ चा पेंडल्टन कायदा आला तेव्हा ती बांधायला सुरुवात झाली. ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये धोरणाशी संबंधित कर्मचाऱ्यांचे संरक्षण काढणारा आदेश दिला, बायडेन यांनी तो रद्द केला आणि २०२५ मध्ये तो परत आला. नसलेला नियम न पाळणे आणि असलेला नियम मोडून काढणे यांना एकाच तराजूत घालता येत नाही. आदेशांची नुसती संख्याही मोजत बसू नये. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आदेश साडेतीन हजारांहून अधिक होते आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले २२०, पण रूझवेल्ट यांच्या फेब्रुवारी १९४२ च्या एकाच आदेशाने जपानी वंशाचे एक लाखाहून अधिक लोक छावण्यांत गेले.

मराठी वाचकासाठी लिहिताना पक्षरचनेचा फरक मात्र स्वतंत्रपणे समजावून द्यावा. आपल्याला पक्षश्रेष्ठींनी तिकीट देण्याची सवय आहे. अमेरिकेत उमेदवार प्राथमिक निवडणुकीत पक्षाच्या मतदारांकडून ठरतो, आणि ट्रम्प यांची पक्षावरची पकड याच वाटेने आली. त्यांच्यावर महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगमधील प्राथमिक फेरीतच हरल्या. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात गोल्डवॉटर आदी रिपब्लिकन नेते निक्सन यांना पाठिंबा उरला नसल्याचे सांगायला गेले आणि दोन दिवसांत निक्सन यांनी पद सोडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगावर सिनेटचे मत ५७ विरुद्ध ४३ असे पडले आणि दोन तृतीयांश बहुमताला ते कमी पडले. इथे दोन अध्यक्षांच्या स्वभावांपेक्षा दोन काळांतल्या पक्षांची तुलना जास्त सांगून जाते.

‘जनता’ कोण, हे विचारावे

जॅक्सन यांच्या ‘सामान्य माणसा’त गुलाम नव्हते, स्त्रिया नव्हत्या आणि मूळनिवासी तर शत्रुपक्षातच होते. १८३० चा मूळनिवासींच्या स्थलांतराचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ इतक्या थोड्या फरकाने संमत झाला, म्हणजे त्याला विरोध त्या काळातही होता. ‘तो काळच तसा होता’ ही सबब इथे चालत नाही. आजच्या हद्दपारीची त्याच्याशी सरसकट बरोबरी मात्र करू नये, कारण त्या कायद्याखाली चेरोकी या मूळनिवासी लोकांना त्यांच्याच, तहांनी मान्य केलेल्या भूमीवरून हाकलले होते. हद्दपारीसाठी अधिक नेमका धागा १७९८ च्या परकीय शत्रू कायद्याचा आहे. १८१२ चे युद्ध आणि दोन महायुद्धे या तीनच वेळी तो वापरला गेला होता, तिन्ही वेळा युद्ध घोषित होते, आणि मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो व्हेनेझुएलातील एका टोळीविरुद्ध लावला.

हरलेल्यांनाही यादीत घ्यावे. ब्रायन तीनदा हरले, वॉलेस यांना १९६८ मध्ये ४६ निर्वाचक मते मिळाली, रॉस पेरो यांना १९९२ मध्ये जवळपास १९ टक्के मते मिळूनही निर्वाचक मत एकही नाही. फक्त अध्यक्ष झालेल्यांशी तुलना केली तर ट्रम्प फारच एकटे दिसतात. या मंडळींना धरले तर प्रश्न असा होतो, की जी हाक आधी अडवली जात होती ती २०१६ मध्ये का अडली नाही.

उद्धरणांबाबत कडक राहावे. सरन्यायाधीश मार्शल यांच्या सर्वोच्च न्यायालयात १८३२ मध्ये चेरोकींच्या बाजूने निकाल लागल्यावर ‘मार्शल यांनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अमलात आणावा’ असे जॅक्सन म्हणाले, हे वाक्य सर्रास वापरले जाते. ते छापून आले तेव्हा जॅक्सन यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे त्यावर निष्कर्ष टेकवू नये. भाषणे, आदेश आणि काँग्रेसला पाठवलेले संदेश सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तारखेनिशी मिळतात, तिथून मूळ मजकूर पाहावा. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतल्या अनेक निर्णयांवर दावे झालेले आहेत, म्हणून अशा प्रत्येक निर्णयापुढे ‘अमुक तारखेपर्यंतची स्थिती’ असे नोंदवावे आणि लेख पुन्हा छापायला देताना तेवढ्या ओळी आधी तपासून घ्याव्यात.