पहिला सोफा किती मीटरवर?

लग्नाच्या लॉनवर एलईडी वॉल लावायची म्हटली की यजमान चित्राच्या बारकाईबद्दल हमखास विचारतात, "भाऊ, फोरके आहे ना?" मी उत्तर देत नाही. टेप काढतो अन् विचारतो, सोफे कुठं लागणार?

वॉलवरच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे पिच. पी ३.९१ म्हणजे ३.९१ मिलिमीटर. जेवढा आकडा तेवढे मीटर तरी माणूस लांब हवा, अन् डोळ्याला गोड वाटायला दुप्पट. म्हणून पहिल्या सोफ्याचं अंतर मीटरमध्ये मोजा अन् निम्मं करा. ५ मीटर असेल तर पी २.५, ८ असेल तर पी ३.९१, १२ असेल तर पी ६ पण चालतो. टेप नसेल तर पावलं टाका. माझी चार पावलं म्हणजे ३ मीटर.

हे मी वर्धा रोडवर एका लग्नात शिकलो. दुपारी सोफे लांब होते, मी बिनधास्त पी ६ लावला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलांना जागा कमी पडली, पोरांनी सोफे ४ मीटरवर ओढले. नवरीचा चेहरा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी! तिची मावशी म्हणे, "पोरीले जाळीत काऊन बसवलं?" आता सोफ्यांची रेघ चुन्यानं आखूनच घेतो.

मागच्या रांगेसाठी बारीक पिचचे पैसे देऊ नका, तिथून कोणाला फरक दिसत नाही. तिथं वॉलची उंची अन् अक्षर कामी येतं: दर १० फुटांना १ इंच. ९० फुटांवरच्या काकांना नावं वाचायची तर अक्षर ९ इंचांचं, तेही जाड. बारीक फॉन्टात रफार अन् अनुस्वार आधी गायब होतात.

राहिलं फोरके. वॉल चौकोनी डबे जोडून बनते, त्या एका डब्याला कॅबिनेट म्हणतात. ५०० मिलिमीटरच्या पी ३.९१ कॅबिनेटमध्ये आडवे १२८ ठिपके, उभेही तेवढेच. सहा बाय चार कॅबिनेट लावले की ३ बाय २ मीटरची वॉल, ७६८ बाय ५१२. फोरकेला आडवे ३८४० लागतात. व्हिडिओवाल्याला वॉलचा हा ७६८ बाय ५१२ आकडा आधी द्या, नाहीतर कडेच्या मामांचं डोकं कापलं जातं.

साक्षगंध (साखरपुडा) भरदुपारी उघड्यावर असेल तर आउटडोअर पॅनलच मागा; इनडोअर पॅनल नागपूरच्या उन्हात पांढरा पडतो, पिच कितीही बारीक असो. अन् मोबाईलच्या शूटिंगमध्ये काळे पट्टे सरकताना दिसले तर पिचला बोल लावू नका, तो रिफ्रेश रेट, म्हणजे वॉल सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करते तो आकडा. ३८४० हर्ट्झचं मागा. (हा ३८४० वेगळा, फोरकेचा नव्हे. यावरूनही एकदा भांडण झालंय.)