प्रकाशकाशी करार करताना लेखकाने काय पाहावे

‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या एका ओळीखाली सही करू नये, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 14 नुसार पुस्तक छापणे, त्याचा अनुवाद, नाट्यरूपांतर, ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट करणे हे सारे वेगवेगळे हक्क असून प्रत्येकाचा मोबदला स्वतंत्रपणे ठरवता येतो. प्रथम आपण नेमका कोणता हक्क देत आहोत हे लिहून घ्यावे; केवळ मराठी छापील आवृत्ती द्यायची असेल, तर तसेच शब्द करारात असावेत.

हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्यात मुदत, प्रदेश व स्वामित्वधन (रॉयल्टी, म्हणजे हक्क वापरल्याबद्दल लेखकाला मिळणारी रक्कम) यांचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. करारात वेगळी अट नसेल आणि घेतलेला हक्क 1 वर्षात वापरला गेला नाही, तर तो लेखकाकडे परत येतो; ही तरतूद फार मोलाची असल्याने तिला छेद देणारे कलम दिसल्यास ते काढून टाकण्याचा आग्रह जरूर धरावा. लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे हे हक्क टिकतात, म्हणून कराराची प्रत वारसांना सापडेल अशी ठेवावी.