सहकाऱ्याचा पाठ पाहताना : शेरेबही बाजूला ठेवून

वर्गाच्या मागच्या बाकावर कोणी येऊन बसले की शिक्षकाचा आवाज बदलतो. माझाही बदलत असे. नोकरीच्या सुरुवातीला नागपुरातल्या एका शाळेत माझा पाठ पाहून झाल्यावर शेरेबहीत ‘फलकलेखन सुधारावे, शैक्षणिक साहित्य वापरावे’ एवढाच शेरा उमटला. त्या तासाला किती मुलांना अपूर्णांकांची बेरीज कळली नाही, याचा त्यात उल्लेखही नव्हता. शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहून आपले अध्यापन सुधारावे असे शाळेला वाटत असेल, तर हे पाहणे तपासणीपासून आधी पूर्णपणे वेगळे करावे लागते.

सुरुवात दोघांच्या जोडीने करावी. जोडी शिक्षकांनी स्वतः निवडावी. विषय वेगळे असले तरी बिघडत नाही, उलट गणिताच्या तासाला बसलेले मराठीचे शिक्षक नेमके तिथेच अडखळतात जिथे मुले अडखळतात. खरी अडचण वेळेची असते, कारण रिकामा तास कागदावर रिकामा असतो आणि प्रत्यक्षात बदली तासात जातो. म्हणून मुख्याध्यापकांनी प्रत्येक जोडीसाठी पंधरवड्यातला एक तास वेळापत्रकातच राखून ठेवावा आणि कोणी रजेवर असले तरी त्याला हात लावू नये. हे झाले नाही तर पुढचे काहीच होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते; त्यातले काही तास सभागृहातल्या प्रशिक्षणाऐवजी शेजारच्या वर्गात घालवले, तर मला ते अधिक सत्कारणी लागले असे वाटेल.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि पहिले काही दिवस प्रवेश व पुस्तकवाटपात जातात. त्यामुळे जुलैचा दुसरा पंधरवडा या कामाला बरा. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की हा उपक्रम नव्याने काढू नये.

पाठाच्या आदल्या दिवशी शिकवणाऱ्याने एकच प्रश्न सांगावा : ‘मी विचारलेल्या प्रश्नांना कोण उत्तर देते, ते बघा.’ पाहणाऱ्याने मागे न बसता फळ्याच्या बाजूला, खिडकीजवळ बसावे, कारण मागून फक्त पाठी दिसतात. कागदावर बाकांचा नकाशा काढून जे मूल बोलेल त्याच्या चौकोनात एक रेघ ओढावी. वीस मिनिटे पुरेत. बहुतेक वेळा सगळ्या रेघा पुढच्या दोन ओळींत दाटलेल्या दिसतात आणि भिंतीकडची अख्खी रांग कोरी राहते. त्या कोऱ्या रांगेपुढे वेगळ्या टीकेची गरज उरत नाही.

दुसरी नोंद शांततेची. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना असे आढळले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. मनातल्या मनात तीन आकडे मोजणे ऐकायला सोपे वाटते. पण चाळीस मुलांसमोर ते तीन सेकंद फार लांब वाटतात.

पाचवीच्या एका तासाला मी पाहणारा होतो. १/२ + १/३ याचे उत्तर एका मुलाने २/५ दिले आणि ‘चूक’ ऐकल्यावर विचारले, “सर, खालचे आकडे काऊन नाई मिळवाचे?” शिक्षकांनी आधी त्याची भाषा सुधारली, मग नियम सांगितला, प्रश्न मात्र तसाच राहिला. घरी वऱ्हाडी किंवा हिंदी बोलणारी मुले आपल्याकडे वर्गावर्गात आहेत, आणि शंका विचारताना त्यांना अडवले तर ती पुढच्या वेळी विचारतच नाहीत. मधल्या सुट्टीत मी तो प्रश्न त्याच्याच शब्दांत वाचून दाखवला आणि पुढे काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने शिक्षक स्वतःच म्हणाले, “अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली, एवढंच विचारायला हवं होतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारले.

चर्चा त्याच दिवशी, दहा मिनिटांत उरकावी. पाहणाऱ्याने ‘छान’ आणि ‘असे करायला हवे होते’ हे दोन्ही टाळून मुले काय म्हणाली आणि त्यांनी काय केले, एवढेच सांगावे. शिकवणाऱ्याने एकच बदल ठरवावा आणि पंधरवड्याने तोच नकाशा पुन्हा काढावा. नकाशाचा कागद शिकवणाऱ्याकडेच राहील; तो कार्यालयात जाणार नाही आणि गोपनीय अहवालाला जोडला जाणार नाही, हे मुख्याध्यापकांनी पहिल्याच सभेत सांगावे. त्याच सभेत त्यांनी स्वतःच्या तासाची तारीख फळ्यावर लिहावी आणि पहिला पाठ आपलाच पाहू द्यावा, शक्यतो शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षकाला.